माझ्या कमरेवरचे पाच डाग

हे मी उजव्या कुशीवर पडून लिहिते आहे. वहीखाली ताट, ताटाखाली उशी, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीने ओट्यावर नाचल्यासारखं. डाव्या कुशीवर पडता येत नाही. बसणं त्याहून अवघड. या घडीला मी एक कप चहा संपेपर्यंत बसू शकते, तोही चहा निवलेला असेल तर.

कॅन्सर हाडात उतरला आहे आणि कुणीतरी सांगितलं आहे की आता न कापता, नुसत्या आवाजाच्या लहरींनी आतली गाठ भाजता येते, अशा लोकांसाठी हे लिहिते. ती थाप नाही. मी त्या यंत्रावर झोपून आले आहे आणि ते काम करतं. माझं मात्र त्याने अर्धंच काम केलं आणि त्याला कारण मी स्वतः आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी यंत्राला किंवा डॉक्टरांना बोल लावणार नाही.

मी सरकारी नर्स आहे. तेलंगणातल्या जैनथ मंडलात, म्हणजे तालुक्यात, एका उपकेंद्रात तेवीस वर्षं काढली. लसी, गरोदर बायांची नोंद, बाळंतपणं, तापाच्या गोळ्या. गावांत तेलुगू घरं आहेत, मराठी घरं आहेत, पण मला सगळेच नर्सम्मा म्हणतात. वसुधा हे नाव फक्त हजेरीपटावर उरलं आहे. नवरा आदिलाबाद डेपोत कंडक्टर आणि एक मुलगी, अश्विनी, ती बासरला शिकते. एवढंच आमचं घर.

चार महिने

सात वर्षांपूर्वी स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. मी फार धीराची बाई आहे असं तेव्हा सगळे म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा घाबरायला फुरसतच मिळाली नव्हती.

मग एका सोयाबीनच्या हंगामात डाव्या खुब्याच्या वर, कमरेच्या हाडात ठणका सुरू झाला. मी स्वतःला सांगितलं, स्कूटीमुळे. मग सांगितलं, रस्त्यामुळे. मग सांगितलं, वय झालं. असं चार महिने चाललं. दुसरी कुणी बाई माझ्यापुढे येऊन बसली असती आणि म्हणाली असती, माझा स्तन काढलाय आणि आता हाड दुखतंय, तर मी तिला त्याच दिवशी जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी जात नव्हते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांना फार ऐकवली आहे.

गिरजामाय

पैनगंगेच्या काठाला एक गाव आहे. तिथे गिरजामाय नावाची म्हातारी राहते. बाळाचं पोट फुगलं, बाळ दूध ओढेना, कुणाची कंबर धरली, की लोक तिच्याकडे जायचे. ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची आणि दुखत्या जागी टेकवायची. याला इकडे डाग देणं म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळांच्या पोटावरचे असले पिकलेले डाग मी किती धुतले आहेत, त्याला गणती नाही.

तिच्याशी माझं वीस वर्षांचं भांडण. मी ओरडायची आणि ती शांतपणे म्हणायची, "तुमच्या सुईनं पोट्टं तापते बाई, माह्या डागानं उतरते." शेवटी एकदा सरपंचाच्या ओसरीवर, चार माणसांत, मी तिच्याकडून वचन घेतलं की यापुढे कुणालाही डाग द्यायचा नाही. तिने दिलं आणि पाळलंही. मंडलाच्या मीटिंगमध्ये मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

त्याच गिरजामायच्या अंगणात मी एका दुपारी लसीकरण उरकून गेले. म्हटलं, "माय, मले डाग दे."

ती शेंगा फोडत होती. हात थांबला. "थट्टा करून राह्यली काय?"

"नाई. चार महिने झाले, झोप नाई मले."

"मी बोली देली हाय. तूच घेतली ना माह्याकडून, चार मानसांत? मंग?"

"मीच घेतली, मीच सोडवते तुले."

"तू दवाखान्याची बाई. दवाखान्यात जाय."

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी तोपर्यंत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "दवाखान्यात काय निघंल, त्याचं भेव वाटते मले."

गिरजामायने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भेवाले डाग नसते, बाई."

शहाण्या माणसाने तिथून उठून यावं. मी तिच्यापुढे बसून रडले. हट्ट केला. एवढंच नाही, तिच्यावर चिडलेही, की लेकराबाळांना देत होतीस आणि मला नाही देत. शेवटी तिने विळा चुलीत सारला. मी पालथी झोपले, बोट लावून जागा दाखवली, आणि तिने वरून खाली पाच डाग दिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या अंगणात गाढव कोण होतं, ते आता मला कुणी सांगायला नको.

दोन दिवस बरं वाटलं. नव्या दुखण्याने जुनं झाकलं जातं, त्यापलीकडे त्यात काही नव्हतं. मग जखमा पिकल्या. उपकेंद्रातलंच मलम चोरून लावलं. नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगितलं की शेकायची रबरी पिशवी फुटली आणि गरम पाणी सांडलं. त्यांनी विश्वास ठेवला. ते विश्वास ठेवणारे आहेत.

नागपूर

डाग सुकले आणि ठणका दुप्पट होऊन परत आला. एक दिवस उपकेंद्रासमोर स्कूटी उभी केली आणि मला उतरताच येईना. तशीच सीटवर बसून राहिले. आशा कार्यकर्ती धावत आली, तिने आणि एका बाळंतिणीच्या नवऱ्याने मिळून मला उतरवलं. दुसऱ्या दिवशी हे मला नागपूरला घेऊन गेले.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. कमरेच्या हाडात एक जागा चकाकत होती. ते काय बोलणार ते मला आधीच कळलं होतं, त्यामुळे मी त्यांच्याकडे न बघता यांच्याकडे बघत होते. हे पडद्याकडे अगदी मन लावून बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळतंय असं दाखवणं चाललं होतं. मला त्यांची फार दया आली. स्वतःचा मात्र राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं नाही.

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, आता हे जाणार नाही. गोळ्यांनी लांबवू आणि दुखणं कमी करायला शेक देऊ. शेक म्हणजे किरणांचा. तो देताना तिथल्या मुलीने माझी कंबर उघडी केली, शाईने खुणा केल्या, पाच डाग पाहिले आणि काही बोलली नाही. त्या किरणांना कातडीवरच्या जुन्या डागांचं काही देणंघेणं नसतं. मी मनात म्हटलं, सुटले. डागाने काही अडत नाही, ही समजूत माझ्या डोक्यात तिथे पक्की बसली आणि पुढे तिनेच घात केला.

दोन महिने बरे गेले. मग ठणका परत आला. त्याच जागी पुन्हा शेक देणं आता कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले.

आवाजाचा शेक

तेव्हा त्यांनीच हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. म्हणाले, "तुम्हाला सोनोग्राफी माहीत असेल."

मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, अर्ध्या मंडलाच्या बायांना मी सोनोग्राफीला घेऊन गेले आहे."

तोच आवाज, ते म्हणाले, कानाला ऐकू न येणारा. फक्त पसरलेला न सोडता सगळ्या बाजूंनी एका ठिपक्यावर गोळा करायचा, की तेवढाच ठिपका तापतो आणि भाजतो. वरची कातडी शाबूत राहते. कापणं नाही, टाके नाहीत. माणूस एमआरआयच्या नळीत झोपलेला असतो, त्यामुळे आवाज कुठे पडतोय आणि किती तापलंय हे डॉक्टरांना दिसत राहतं. हाडावरच्या दुखणाऱ्या नसा जळाल्या की दुखणं थांबतं.

"हे दुखणं घालवायला आहे, आजार घालवायला नाही," हे वाक्य ते दोनदा बोलले. मी दोन्ही वेळा पहिला अर्धाच भाग ऐकला.

मला आजार घालवायचा नव्हताच, म्हणजे ती आशा केव्हाच सुटली होती. मला बसायचं होतं. पाटावर बसून जेवायचं होतं, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे होते. अश्विनी रोज संध्याकाळी फोन करते आणि पहिला प्रश्न हाच, "आई, आज किती वेळ बसलीस?" कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने आईला विचारायचा हा प्रश्न आहे का?

लेदु

हैदराबादला आधी तपासणी झाली. दवाखाना असा की फरशीत तोंड दिसावं. एका मुलीने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि कागद भरायला घेतला. सगळं तेलुगूत. अंगात लोखंडाचं काही आहे का? बंद जागेत भीती वाटते का? मग तिने विचारलं, "अम्मा, आ चोट ऑपरेशन, मच्चा, पच्चबोट्टु एमैना उन्नाया?" त्या जागी ऑपरेशनची खूण, डाग, गोंदण असं काही आहे का?

हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांना तेलुगू माझ्याहून चांगलं येतं.

खरं सांगायचं तर पिशवी फुटल्याचं खोटं उघडं पडणार होतं. ज्या बाईने वीस वर्षं डागाविरुद्ध गावं पालथी घातली तिने स्वतः डाग घेतला, हे नवऱ्याला, त्या मुलीला, त्या चकचकीत दवाखान्याला कळणार होतं. आणि नागपूरला कुठे काय अडलं होतं? मी म्हटलं, "लेदु." नाही. पापणीसुद्धा लवली नाही माझी.

मुलीने रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.

डॉक्टरांनी कपड्यावरूनच कंबर दाबून पाहिली, चित्रं पाहिली आणि तुम्ही या उपचाराला योग्य आहात म्हणाले. बाहेर आल्यावर यांनी मला इडली घेतली आणि स्वतः चटणी दोनदा मागून खाल्ली. किती महिन्यांनी त्यांना तसं जेवताना पाहिलं. मी त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हाही वेळ होती.

यंत्रावर

पंधरा दिवसांनी सकाळी मला भरती केलं. तिथे भैंसा गावाकडची एक आया होती, माझं बोलणं ऐकून जवळ आली. "कुठची हाय वं तू, माय?" म्हणाली. आपल्या बोलीतला एक प्रश्न तिथे केवढा मोठा वाटतो, ते पडलेल्यालाच कळतं. तिने माझी वेणी घातली, बांगड्या काढून कागदात बांधल्या.

मग नर्स आली. कंबर साफ करायची होती. तिने गाऊन बाजूला केला आणि तिचा हात थांबला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण मीही नर्सच आहे. हात का थांबतो ते मला कळतं. ती बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

ते वाकले, बोटाने एकेक डाग चाचपला. "इवि एंटम्मा?" हे काय आहे?

मी तोंड भिंतीकडेच ठेवलं. ते बाहेर यांना विचारायला गेले. बाहेर काय झालं ते यांनी मला नंतर सांगितलं. यांनी अगदी खात्रीने सांगितलं की गरम पाण्याची पिशवी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, पाणी असं गोल गोल, एका रांगेत भाजत नाही.

परत येऊन त्यांनी मला समजावलं. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. डाग म्हणजे मेलेली, घट्ट कातडी. त्यातून आवाज सरळ आत जात नाही, तिथेच अडतो, तिथेच तापतो आणि कातडी आतपर्यंत करपते. म्हणून तर तो प्रश्न विचारतात. आता दोनच वाटा होत्या. उपचार रद्द करायचा, किंवा डागांवर एक पट्टी चिकटवून तेवढी जागा झाकायची आणि बाजूने जिथपर्यंत पोचता येईल तेवढंच भाजायचं. पट्टीच्या मागे जे आहे ते तसंच राहणार.

"किती राहील?" मी विचारलं.

"जवळजवळ अर्धं," ते म्हणाले. "आणि तुम्ही सर्वांत जास्त दुखतं म्हणून दाखवलेली जागा त्यातच आहे."

असणारच. मीच बोट लावून दाखवली होती आणि गिरजामायचा नेम कधी चुकत नाही.

मी म्हटलं, करा.

पाठीत सुई दिली, गुंगीचं औषध दिलं, आणि डाव्या कुशीवर, त्या यंत्राच्या पाणी भरलेल्या गादीवर झोपवलं. हातात एक बटण दिलं. सोसवेना झालं की दाबायचं, सगळं थांबतं. नळीत सरकवलं. ठकठक, घरघर, मग थोडी शांतता, आणि मग, पाठीत सुई दिलेली असूनही, आत हाडाशी ऊब. ऊब वाढत जाऊन चटका. बाहेरून काहीच नाही, हात नाही, विळा नाही, धूर नाही. मग पुन्हा शांतता. असं कितीतरी वेळा. मी बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा ते थांबले आणि कानातल्या फोनवरून विचारलं, अम्मा, पुढे जायचं का? मी तिन्ही वेळा हो म्हटलं. नळीत पडल्या पडल्या एकच विचार येत होता, हे पूर्ण मिळणार होतं आणि आता अर्धं मिळतं आहे.

बाहेर आल्यावर आयाने गोड चहा पाजला आणि माझे पाय चोळत बसली. पाय सुन्न होते, मला काही कळत नव्हतं, पण मी तिला थांबवलं नाही.

परतीची गाडी

दिवसाची गाडी होती. हे खालच्या बाकावर माझ्या पायाशी बसले होते. तिकीट न काढलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, अशी बढाई हा माणूस तीस वर्षं मारत आला आहे. निजामाबाद मागे पडलं. मग म्हणाले, "काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"माही?"

"तुमची नाई. लोकायले नाई म्हनत फिरली मी इतकी वर्सं, आन सोताच..."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाले, "त्या पोरीनं इचारलं ना, तवा तू जा म्हनली असती तं मी बाहेर गेलो असतो. पानी आनाले म्हनून गेलो असतो. येवढंच तं होतं."

एवढंच होतं. खरोखर एवढंच. मी तोंडावर पदर घेऊन रडले आणि समोरच्या बाकावरची तेलुगू बाई यांच्याकडे रागाने बघू लागली, याने काय केलं म्हणून.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण आता मला गोळी दिली की ते उभे राहतात आणि मी ती गिळली का ते पाहतात. कागद आला की दोनदा वाचतात, मी सांगितलेलं पुरत नाही. आजाराने आमच्या घरात बरंच काही नेलं, पण हे आजाराने नेलेलं नाही.

तीन आठवडे

हैदराबादहून आल्यावर चौथ्या दिवशी ठणका उतरला. मी आधी कुणाला बोललेच नाही, दृष्ट लागेल म्हणून. मग एक दिवस पडवीत उशी टेकून बसले आणि तांदूळ निवडले. दुसऱ्या दिवशी पूर्ण जेवण बसून झालं, भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. संध्याकाळी अश्विनीचा फोन आला, "आज किती?" मी म्हटलं, "तुझे बाबा ड्यूटीवरून येईपर्यंत." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं की पोरगी रडते आहे.

त्या दिवसांत गावांकडच्या बाया भेटायला यायच्या. सीताफळं, वांगी, कुणी घरची तूरडाळ आणायच्या. आणि मी ठरवलं की आता लपवायचं नाही. पदर बाजूला करून मी त्यांना माझी कंबर दाखवू लागले. पाहा, हे डाग. हे मी घेतले. यांच्यामुळे माझा उपचार अर्धा राहिला. तुमच्या लेकरांना हे कधी करू नका. बाया वाकून वाकून पाहायच्या, चुकचुकायच्या, एकीने तर बोट लावून मोजले. मला वाटलं, वीस वर्षं घसा कोरडा करून जे झालं नाही ते आता होईल. माझ्या आजाराचा कुणाला तरी उपयोग होतो आहे, हा विचार फार गोड असतो. मी तो रोज थोडा थोडा चाखला.

ठणका उतरल्याच्या बाविसाव्या दिवशी उरलेलं अर्धं जागं झालं.

हैदराबादला फोन केला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, जिथून जाता येत होतं तिथून गेलो, आता त्या डागांच्या पलीकडे जायला वाट नाही. डाग पुसले जात नाहीत. आता गोळ्या वाढवायच्या, मग कातडीवर चिकटवायच्या औषधाच्या पट्ट्या, मग आणखी जोराचं औषध. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुम्हाला हा उपचार कुणी सुचवला तर जरूर जा. माझ्यासारख्या बाईला त्याने तीन आठवडे दिले, तेही अर्ध्याने. फक्त तिथे कागद भरताना विचारतील तेव्हा सगळं सांगा. भाजल्याची खूण, बिब्ब्याचा चट्टा, हौसेने काढलेलं गोंदण, डाग, काहीही. लाज वाटत असेल तर सोबतच्या माणसाला पाणी आणायला पाठवा. तो जाईल. ही एवढी साधी गोष्ट मला गाडीत बसून, उपचार संपल्यावर, नवऱ्याकडून शिकावी लागली.

इथेच थांबणार होते. पण गेल्या सोमवारी जे झालं ते सांगितल्याशिवाय हे खरं होणार नाही.

सोमवार

सकाळी नदीकाठच्या त्या गावची लक्ष्मी आली, सोबत तिची सासू. लक्ष्मीचं बाळंतपण मीच केलं होतं, बाळ आता पाच महिन्यांचं. मी खाटेवर पडलेली, त्या खाली बसल्या. बाळ मांडीवर होतं आणि त्याचा श्वास मला खाटेवरून ऐकू येत होता. मी म्हटलं, "कपडा वर कर त्याचा."

बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पोटावर तीन डाग होते, ताजे, वर हळद.

"कोनं देला?"

"गिरजामायनं," लक्ष्मी म्हणाली. "ते तं नाईच म्हने. बोली देली म्हने. मंग आमच्या सासूबाईनं सांगतलं तिले, नर्सम्मानं सोता घेतला, आन आमाले काऊन नाई म्हनतं? मंग देला."

"अवं, मी तुमाले दाखवलं कायले होतं? त्याच्यानंच तं माहं अर्धं राह्यलं, सांगतलं नव्हतं काय?"

सासू मध्ये बोलली, अगदी प्रेमाने. "हाव, सांगतलं ना. पन डाग होता आन तुमी बसून होत्या, नर्सम्मा. पडवीत. आमी सोताच्या डोयानं पाह्यलं. त्याच्या आगुदर कुठं बसत होत्या तुमी?"

मी यांना हाक मारली. हे ड्यूटीला निघायच्या तयारीत होते, तसेच आले, बाळाकडे पाहिलं आणि काही न विचारता लक्ष्मीला आणि बाळाला ऑटोत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाळ अजून तिथेच आहे. नाकात नळी आहे, एवढंच मला माहीत आहे.

सासू माझ्याजवळ थांबली. तिला काही वाईट वाटत नव्हतं, उलट ती माझीच काळजी करत होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पडून ओरडता येत नाही, त्यासाठी बसावं लागतं. मी खाटेची कड धरली, कोपरावर जोर दिला, अर्धी उठले आणि कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी परत उशीवर पडले. तोंडातून आवाज निघाला तो कसला होता मला माहीत नाही.

ती उठून जवळ आली. माझ्या कपाळावरचा घाम तिने आपल्या पदराने पुसला.

"लय दुखून राह्यलं ना, माय," ती म्हणाली. "गिरजामायले पाठवू काय तुमच्याकडं? मी सांगतो तिले. तुमाले नाई म्हननार नाई ते."

मी नाही म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही.